उंसांतील बिबट्यांची मोजदाद

हत्तीसारखें अवाढव्य जनावर मोजणें सोपें असेल, असें घरबसल्या वाटतें. परंतु आफ्रिकेंतील कांगो नदीच्या खोऱ्यांतील निबिड अरण्यांत तें दहा पावलांवरहि दृष्टीस पडत नाहीं. हस्तिदंतासाठीं तेथें चोरटी शिकार चालते, तेव्हां संख्या तर कळलीच पाहिजे. म्हणून संशोधक लिदीचे ढीग मोजतात, आणि एक हत्ती दिवसाकाठीं किती वेळां लीद टाकतो व ती किती दिवसांत मातीस मिळते, यावरून हिशेब मांडतात.

आमच्या शिरूर-दौंडकडे अरण्य नाहीं; पण घोड व भीमा यांच्या कांठचा ऊंस कांहीं कमी दाट नाहीं, आणि त्यांत बिबट्या नांदतो. वर्षभर उभें राहणारें तें पीक मादीला पिलें वाढविण्यास पुरतें. भक्ष्याला कुत्रीं व शेळ्या आहेतच. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड-जांबूत परिसरांत सुमारें तीन आठवड्यांत तिघांचे प्राण गेले. त्यांत दोन मुलें होतीं. अशा वेळीं घरोघर एकच प्रश्न निघतो: बिबटे आहेत तरी किती?

केवळ दिसल्याच्या वार्तांवरून उत्तर मिळत नाहीं. एकच जनावर एका रात्रींत दोन-तीन गांवांच्या शिवारांतून जातें, आणि प्रत्येक गांव तें आपलें म्हणून मोजतें. मात्र प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपके निराळे असतात. डाव्या व उजव्या कुशीवरचेहि सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोहों बाजूंस कॅमेरे बांधतात. पुढील गणित गृहिणींस सहज कळेल. डब्यांतून १०० वाल काढून त्यांस कुंकू लावावें, परत टाकून डबा हलवावा, व पुन्हां १०० काढावे. त्यांत कुंकवाचे १० निघाले, तर डब्यांत सुमारें १००० वाल आहेत. याच तत्त्वावर विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अकोले तालुक्यांत गणना केली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधांत, भरवस्तीच्या शेतीप्रदेशांत दर १०० चौरस किलोमीटरांस सुमारें पांच प्रौढ बिबटे आढळल्याचें नमूद आहे.

वाल मात्र डब्यांतून उठून जात नाहींत, कीं त्यांना पिलें होत नाहींत! ऊंसतोड सुरू झाली कीं बिबटे जागा बदलतात. एक पकडून नेला, तर मोकळ्या शिवारांत दुसरा येऊं शकतो. जुन्नर भागांत २००१ पासून पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडले, त्यानंतर माणसांवरील हल्ले वाढलेच. पिंजऱ्यांत किती सांपडले, हा आंकडा वर्तमानपत्रांत ठळक छापला जातो. बाहेर किती उरले, हें त्यावरून कळत नाहीं.