परदेशी मुक्काम आणि आपले आरोग्य

रोहा-पेण परिसरातील अनेक घरांतील मुले-मुली आज आखाती देशांत, इंग्लंडमध्ये वा अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे निघालेले आई-वडील पेणचे पापड-पोहे आठवणीने बांधून घेतात. औषधांचा विचार मात्र आदल्या दिवशी होतो. साठी ओलांडलेल्यांनी तो महिनाभर आधी करावा.

आपल्याकडे ताप आला, की संध्याकाळी डॉक्टरांना गाठता येते. तिकडे बहुधा आधी वेळ ठरवावी लागते. तातडीच्या विभागात आजाराच्या गांभीर्यानुसार क्रमांक लागतो. साध्या तापाच्या रुग्णाला तासन्‌तास थांबावे लागले, तर ती हेळसांड समजू नये.

खर्चाची रीतही देशागणिक बदलते. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवा १९४८ पासून चालू आहे. तेथे तातडीच्या विभागातील उपचार पाहुण्यांनाही विनामूल्य मिळतात. परंतु रुग्णालयात दाखल झाल्यास अल्पकालीन पाहुण्यांना सामान्यतः दीडपट दर भरावा लागतो. अमेरिकेत १९८६च्या कायद्यामुळे तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला पैशांअभावी परत पाठवता येत नाही; बिल मात्र नंतर येतेच. म्हणून प्रवासी विमा घ्यावा आणि त्यात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार मुळीच लपवू नये. लपविलेल्या आजाराचा दावा नाकारला जाऊ शकतो. जुन्या आजारांना विमा किती संरक्षण देतो, हेही आधी वाचावे.

औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातील बॅगेत ठेवावीत. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव असावे. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ‘असिटामिनोफेन’ म्हणून मिळते. ट्रामाडॉल, कोडीन यांसारख्या वेदनाशामकांसाठी संयुक्त अरब अमिरातीत पूर्वपरवानगी लागते. इंग्लंडमध्ये रक्तशर्करेचे एकक वेगळे आहे. तेथील १० म्हणजे आपले १८०. तो आकडा पाहून साखर उतरली, असे समजू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी बदलत्या वेळेनुसार मात्रा कशी घ्यावी, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

सर्वांत मोठा धोका संकोचाचा आहे. ‘मुलाला खर्चात कशाला पाडायचे’ म्हणून छातीतील कळ सोसली जाते. छातीत दाब, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हातातील बळ जाणे, बोबडी वळणे, यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ मुलांना सांगावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. अमेरिकेत ९११, इंग्लंडमध्ये ९९९, अमिरातीत ९९८ हा क्रमांक लावावा. विम्याच्या कागदासोबत हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहून स्वतःजवळ ठेवावा. मुले कामावर गेलेली असतील, तेव्हा तोच आपला आधार असेल.