संकेतांकाची वाटणी

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, आज मराठी बिऱ्हाडांची चांगली वस्ती असलेल्या एडिसन गावी, एखादे कुटुंब १९९० साली ज्या घरात राहत होते त्याच घरात १९९७ च्या अखेरीस नांदत असेल, तर गावाच्या बहुतेक भागात त्याच्या दूरध्वनी क्रमांकाचे पहिले तीन आकडे दोनदा बदललेले असत : २०१ चे १९९१ साली ९०८ झाले आणि ९०८ चे १९९७ साली ७३२. बिऱ्हाड हलले नाही, यंत्र बदलले नाही, तरी पुण्यातल्या आप्तांच्या वहीत त्या एका नावापुढे दोन खोडलेल्या नोंदी आणि तिसरी शाबूत.

हा प्रकार समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९४७ साली उत्तर अमेरिकेचा मुलूख ८६ क्षेत्रांत विभागून प्रत्येकास तीन आकडी संकेतांक देण्यात आला, तेव्हा अवघ्या न्यू जर्सीला २०१ हा एकच पुरेसा वाटला होता. संकेतांकापुढील सात आकड्यांपैकी पहिला ० किंवा १ असू शकत नसल्यामुळे एका क्षेत्रात फार तर ८० लाख क्रमांक निघतात, आणि तेही सुटे नव्हे तर १०,००० च्या गठ्ठ्यांनी वाटले जात. फॅक्स, पेजर, मोबाइल यांची मागणी वाढतच होती. त्यात १९९६ च्या कायद्याने स्थानिक सेवेत नव्या कंपन्यांना वाट मोकळी झाली, आणि एखाद्या एक्स्चेंजच्या हद्दीत ज्या कंपनीला जेमतेम शंभर गिऱ्हाइके मिळत, तिलाही तिथे अखंड गठ्ठा लागे. लाखो क्रमांक अशा रीतीने कोणाच्याही उपयोगी न पडता अडकून राहिले, हे मला या साऱ्या कारभारातले सर्वांत खेदजनक वाटते.

क्षेत्राची विभागणी जाहीर झाली की पहिली धास्ती दराची असते : काल स्थानिक असलेला शेजारगावचा कॉल उद्या ट्रंककॉल तर ठरणार नाही ना? तसे होत नाही. स्थानिक कॉलची हद्द आणि आकारणी एक्स्चेंजवरून ठरते, संकेतांकावरून नव्हे. म्हणून दर जिथल्या तिथे राहतो. बदलते ते आकडे फिरवणे. नव्या रेषेच्या आत सात आकडे पूर्ववत चालतात, परंतु रेषेपलीकडच्या घरी, मग ते हाकेच्या अंतरावर का असेना, संकेतांकासह संपूर्ण क्रमांक फिरवावा लागतो. आणि ही रेषाही गावाच्या शिवेने जात नाही, एक्स्चेंजच्या हद्दीने जाते. एडिसनचाच काही भाग ९०८ मध्ये राहिला, तो त्यामुळेच. काही महिने जुना आणि नवा असे दोन्ही संकेतांक चालू देण्याची सवलत असते. ती मुदत संपली, की जुना क्रमांक फिरवणाऱ्यास केवळ ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते. दुकानदाराला तेवढ्या अवधीत पाटी, पावतीपुस्तक, गिऱ्हाइकांची सवय, सारेच बदलावे लागते. शिवाय १९९५ पर्यंत प्रत्येक संकेतांकाचा मधला आकडा ० किंवा १ असल्यामुळे कचेऱ्यांतील कित्येक जुन्या स्विचबोर्डांना ७३२ हा संकेतांक आहे हेच उमगत नसे.

जुना संकेतांक कोणाकडे ठेवायचा, हा तर वडिलोपार्जित घराच्या वाटणीसारखाच नाजूक प्रश्न. १९९७ साली बर्गन आणि हडसन या काउंट्यांना २०१ राखता आला, आणि राज्यातले सर्वांत मोठे शहर असलेल्या नेवार्कच्या वाट्याला ९७३ आला.

पुढे २००१ साली वाटणीचा मार्ग सोडून २०१ वर ५५१, ७३२ वर ८४८ आणि ९७३ वर ८६२ असे नवे संकेतांक त्याच भूमीवर चढवण्यात आले. कोणाचाही क्रमांक गेला नाही. मात्र एका घरातल्या दोन दूरध्वनींचे संकेतांक निरनिराळे असू शकत असल्याने सर्वांनाच, सर्वत्र, दहा आकडे फिरवणे भाग पडले. मला हीच व्यवस्था अधिक न्याय्य वाटते, कारण तीत गैरसोय सर्वांना सारखी वाटून येते आणि म्हाताऱ्या माणसाला पाठ असलेला आपला क्रमांक त्याच्याजवळच राहतो. बर्गन काउंटीतल्या एंगलवुडच्या महापौरांनी १० नोव्हेंबर १९५१ रोजी ऑपरेटरच्या मदतीवाचून कॅलिफोर्नियातील अ‍ॅलमीडाच्या महापौरांना पहिला थेट दूरध्वनी केला, तेव्हा खंडाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचायला त्यांनी दहाच आकडे फिरवले होते. आज त्याच एंगलवुडमध्ये भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारायलाही तेवढेच लागतात.