मिऱ्याच्या मुळाशी

जोयडा तालुक्यातील बागांत सुपारीच्या खोडावर मिऱ्याची वेल चढवलेली असते. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचले, की फायटोफ्थोरा नावाचा सूक्ष्मजीव तिचा बुंधा कुजवतो आणि हिरवीगार वेल पाहता पाहता सुकते. यावर तज्ज्ञ शेणखतात कालवून घालण्यास सांगतात ती बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा.

ही बुरशी शत्रूला वेटोळे घालते, त्याची भित्तिका विरघळवते. तिचे आणखी एक अस्त्र आहे: पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या. त्यांपैकी १९६७ साली उजेडात आलेले अलामेथिसिन अवघ्या वीस दुव्यांचे आहे.

श्रोतेहो, प्रत्येक पेशीभोवती तेलकट पटल असते. सोडियम, पोटॅशियम यांचे विद्युत्भारित कण, म्हणजे आयन, त्यातून सहजासहजी पार होत नाहीत. या बंदोबस्तावरच पेशीचे जीवन अवलंबून असते. अलामेथिसिनची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असून तिचे एक अंग तेलाला धार्जिणे, तर दुसरे पाण्याला. अशा कित्येक साखळ्या पटलात शिरतात आणि पिंपाच्या फळ्यांप्रमाणे गोलाकार उभ्या राहतात. मध्ये पाण्याचा बोगदा तयार होतो. त्यातून आयन वाहू लागतात, समतोल ढळतो आणि पेशी मरते.

पटलावरील विद्युत्दाब वाढला, की हे बोगदे अधिक संख्येने उघडतात. म्हणूनच मज्जातंतूंतील संदेशवहन समजून घेण्यास शास्त्रज्ञांनी १९६८ पासून त्यांचा उपयोग केला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पद्मनाभन बालाराम यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अशाच साखळ्यांच्या घडणीचा अभ्यास केला.

बागाईतदाराने मात्र एवढे ध्यानी ठेवावे: कुजलेला बुंधा ट्रायकोडर्मा पुन्हा सांधत नाही. रोग येण्यापूर्वीच ती मातीत रुजलेली हवी आणि मुळाशी साचणाऱ्या पाण्याला वाट काढून दिलेली हवी.