तिथे नदी आहे का?

माझे लहानपण कळसाडीत गेले. आज हे गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे. त्या वेळी ते धुळे जिल्ह्यात मोडत असे, कारण नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ साली. आबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. रात्रीची जेवणे आटोपली की ते कंदील घेऊन ओट्यावर बसत आणि मोठ्याने पुस्तक वाचत. त्यांना सगळ्यांत आवड प्रवासवर्णनांची. स्वतः ते मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाहीत. पण लंडन आणि पॅरिस यांविषयी असे बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावे, मास्तर परवाच तिकडून परतले!

आमची आजी भिंतीला टेकून वाती वळीत ऐकत असे. नव्या शहराचे नाव निघाले की तिचा एकच प्रश्न ठरलेला, "तिथं नदी आहे का?" आबा "आहे" म्हणाले की तिचे समाधान होई. नदी आहे म्हणजे माणसे राहत असतील, बायका पाणी भरीत असतील, देऊळ असेल. तेव्हा गाव बरेच असणार, असा तिचा हिशेब. मग आबा नकाशाची वही उघडीत आणि त्या शहरावर पेन्सिलीने बारीकशी खूण करीत. "हे गाव पाहिलं," असे आम्हाला सांगत.

अशा घरात वाढलेल्या माणसाने पुढे पुस्तक सोडले, हे कबूल करायला मला लाज वाटते. पण दिवाळीच्या दिवसांत खोटे कशाला बोलू? बँकेत नोकरी लागली, बदल्या झाल्या, संसार वाढला, नाशिकला स्थायिक झालो. 'निवृत्तीनंतर वाचू' असे म्हणत तीस वर्षे काढली. आणि निवृत्त झालो तोवर हातात मोबाईल आला होता. सकाळी चहाबरोबर तो उघडावा आणि मान वर करावी तो जेवणाची वेळ झालेली! दिवसभर काहीतरी वाचलेले असे, पण काय वाचले ते संध्याकाळी आठवत नसे.

मुलगी आणि जावई लंडनला असतात. "आता तरी या," असा त्यांचा दोन वर्षे धोशा होता. अखेर २०२५ च्या मे महिन्यात आम्हा उभयतांचे तिकीट निघाले. आधी लंडन, मग पॅरिस आणि शेवटी ॲमस्टरडॅम असा बेत ठरला. निघण्याच्या चार दिवस आधी कळसाडीहून दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला. जुने धाब्याचे घर पाडून स्लॅबचे बांधायला काढले होते.

"आबांच्या कपाटाचं काय करू? रद्दीवाला येणार आहे."

मी बॅगेचे वजन करण्यात गुंतलो होतो. माणशी किती किलो चालते, ही त्या वेळची माझी सर्वांत मोठी चिंता. म्हणालो, "देऊन टाक. कोण वाचतंय आता?"

सौ.ने ते ऐकले. ती काही बोलली नाही. मात्र मागच्या दिवाळीला त्या कपाटातून तिने आणलेले एक पुस्तक माझ्या बॅगेत साड्यांखाली सरकवले. ते पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' होते. १९६० साली निघालेले हे पुस्तक आबांनी धुळ्याहून आणले होते. पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात किंमत आणि तारीख होती.

लंडनला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही वेस्टमिन्स्टरच्या पुलावर गेलो. घड्याळाचा मनोरा, नदी आणि मी, असे तिघे एका छायाचित्रात यावेत म्हणून मी कठड्यावरून हात लांब केला. मागून कोणाचा तरी धक्का लागला आणि माझा मोबाईल सरळ थेम्समध्ये! क्षणभर मला काही सुचेना. सौ. शांतपणे म्हणाली, "तापीत पैसा टाकतात ना, तसं समजा." मुलगी नवा घ्यायला निघाली होती, पण पौंडाचे रुपये करून पाहिल्यावर मीच तिला थांबवले. माझ्या वाचनाचा पुनर्जन्म हा असा कंजूषपणातून झाला, हे वाचकांनी लक्षात ठेवावे!

त्या रात्री झोप येईना. हाताला सवयीने मोबाईल हवा होता. बॅग चाळता चाळता 'अपूर्वाई' हाती आली. दोन पाने वाचावी म्हणून बसलो तो पहाट झाली. मधूनमधून मला आबांचा आवाज ऐकू येत होता. ते कुठे थांबत, कुठे हसत, आजी कुठे प्रश्न विचारी, ते सारे ओळीओळीत जसेच्या तसे होते.

दुसऱ्या दिवसापासून माझे पाहणे बदलले. किंग हेन्रीज रोडवरच्या दहा क्रमांकाच्या घरासमोर आम्ही उभे राहिलो. १९२१-२२ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि आज तेथे त्यांचे स्मारक आहे. बाहेरून पाहिले तर लंडनमधल्या शेकडो घरांसारखेच ते एक घर. पण येथून निघून एक विद्यार्थी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस दिवस बसत होता, पोटाला चिमटा घेऊन पुस्तके घेत होता, हे ज्याने वाचले आहे, त्याला त्या दारासमोर चप्पल काढावीशी वाटते. ज्याने वाचलेले नाही तो पाटी पाहतो, छायाचित्र काढतो आणि पुढे जातो. आदल्या दिवसापर्यंत मी त्याच जातीचा होतो.

वॉटर्लू पुलाखाली जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. पावसातही पुस्तके भिजत नाहीत, कारण वर पुलाचेच छप्पर! तेथे मला व्हिक्टर ह्यूगोच्या नोत्र दामवरच्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद अगदी स्वस्तात मिळाला. लंडन ते पॅरिस आगगाडीने सव्वादोन तासांचा प्रवास. समुद्राखालचा बोगदा, जो १९९४ साली खुला झाला, त्यातून गाडी जाते तेव्हा बाहेर नुसता अंधार असतो. मला तो कधी संपला ते कळलेही नाही, कारण मी पंधराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये होतो.

या कादंबरीची हकीकत मोठी नवलाची आहे. ती १८३१ साली निघाली, तेव्हा नोत्र दामचे हे जुने चर्च पार दुर्दशेला पोचले होते. मूर्ती फुटल्या होत्या, लोकांना त्याचे काही वाटत नव्हते. ह्यूगोच्या कादंबरीने वाचकांना त्या इमारतीचे वेड लावले आणि १८४० च्या दशकात तिचा जीर्णोद्धार सुरू झाला. गंमत अशी, की याच पुस्तकात ह्यूगो म्हणतो, पूर्वी माणूस आपले विचार दगडात लिहीत असे. आता छापील पुस्तक आले, ते इमारतींची जागा घेणार. प्रत्यक्षात त्याच्याच पुस्तकाने ती इमारत वाचवली! १५ एप्रिल २०१९ रोजी तिला आग लागून छप्पर आणि उंच सुळका कोसळला. साऱ्या जगातून मदत आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. आम्ही आत गेलो तेव्हा दगड नुकते धुतल्यासारखे पांढरेशुभ्र दिसत होते. मी मात्र वर घंटांच्या मनोऱ्यांकडे पाहत होतो. कादंबरीतला तो कुबडा घंटा वाजवणारा वर कुठेतरी असणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

लूव्र संग्रहालयात मोनालिसासमोर ही गर्दी! आपल्याकडे दर्शनाच्या बारीत असते तशी रेटारेटी, आणि प्रत्येकाचा हात उंच करून त्यात मोबाईल. बाईंचे दर्शन मला लोकांच्या मोबाईलमधूनच झाले. माझे हात रिकामे होते, म्हणून मी सहज पाठ फिरवली. आणि समोरच्या भिंतीवर पाहतो तो सुमारे दहा मीटर रुंदीचे एक प्रचंड चित्र! पाओलो व्हेरोनेसेने १५६३ साली पुरे केलेले लग्नाच्या पंगतीचे हे चित्र. त्यात वाढपी आहेत, वाजंत्री आहेत, कुत्री आहेत, पाहुण्यांची नुसती दाटी आहे. १७९७ साली नेपोलियनच्या सैन्याने ते व्हेनिसहून उचलून आणले. मी अर्धा तास त्या पंगतीत होतो. माझ्यासारखे उलटे उभे असलेले लोक अगदी मोजके होते.

ॲमस्टरडॅमला जाण्यापूर्वी माझ्या अकरा वर्षांच्या नातीने तिचे पुस्तक मला दिले. अट घातली, "आजोबा, वाचल्याशिवाय त्या घरात यायचं नाही." ते ॲन फ्रँकच्या रोजनिशीचे पुस्तक होते. पॅरिसहून गाडीने साडेतीन तासांच्या आत ॲमस्टरडॅम येते. तेवढ्यात ते पुरे होईना, म्हणून रात्री जागून मी अट पाळली.

प्रिन्सनग्राख्ट या कालव्याच्या काठी २६३ क्रमांकाचे ते घर आहे. ६ जुलै १९४२ ला फ्रँक कुटुंब तेथे लपायला आले आणि ४ ऑगस्ट १९४४ ला पकडले गेले. लपलेल्या आठ माणसांपैकी एकटे वडील, ओटो फ्रँक, छळछावणीतून जिवंत परतले. मुलीची रोजनिशी त्यांच्या हाती आली आणि १९४७ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. आतल्या खोल्या त्यांच्या इच्छेप्रमाणे रिकाम्याच ठेवल्या आहेत. छायाचित्रे काढायला मनाई आहे. म्हणून तेथे सर्वांचेच हात रिकामे होते आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

लपण्याच्या जागेचे दार झाकलेले आहे ते एका पुस्तकांच्या कपाटाने. बिजागरीवर फिरणारे साधे लाकडी कपाट. त्याच्या मागे आठ माणसांनी दोन वर्षे जीव मुठीत धरून काढली, वाचली, लिहिली. त्या कपाटाजवळून आत जाताना माझ्या पोटात धस्स झाले. आबांचे सागवानी कपाट डोळ्यांपुढे उभे राहिले आणि कानांत माझाच आवाज, "देऊन टाक. कोण वाचतंय आता?"

बाहेर येताच मुलीच्या मोबाईलवरून दादाला फोन लावला. तिकडे रात्र होत आली होती.

"दादा, आबांचं कपाट?"

"आहे रे. जड आहे म्हणून राहिलं. पुस्तकं दोन पोती गेली मागच्या आठवड्यात. बाकीची आहेत अजून. काय झालं?"

"काही देऊ नकोस. एक पानसुद्धा देऊ नकोस. आणि नकाशाची वही?"

दादा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ती पोत्यात गेली वाटतं. तूच म्हणालास ना रे, देऊन टाक."

मी कालव्याच्या काठावर बसलो. नातीला काही कळेना. "आजोबा, रडताय?" असे तिने विचारले. मी तिला आबांच्या ओट्याची, कंदिलाची आणि आजीच्या प्रश्नाची गोष्ट सांगितली. ऐकून ती समोरच्या पाण्याकडे पाहत म्हणाली, "मग इथे आहे, नदी. ॲमस्टेल तिचं नाव. तिच्यावरूनच गावाचं नाव पडलं." आजी असती तर तिने ॲमस्टरडॅमला पसंतीची मान डोलावली असती.

परत आल्यावर मी नवा मोबाईल घेतला. नाही कसे म्हणू? पण नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचा सभासदही झालो. हे वाचनालय १८४० सालचे. इतकी वर्षे मी त्याच गावात राहत होतो, पण ग्रंथालयाचा जिना चढलो नव्हतो. तेथे आमच्या भागाविषयी वाचताना मला कळले, की तापीकाठच्या प्रकाशे येथील टेकाड पुरातत्त्व खात्याने १९५४-५५ साली खणले होते आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीची रंगीत खापरे आणि दगडी पाती तेथे सापडली होती. लहानपणी आजीचे बोट धरून मी प्रकाश्याला कितीदा गेलो, देवळांत घंटा वाजवल्या, पेढे खाल्ले. पण आपण कशावर उभे आहोत हे ठाऊक नव्हते. पॅरिसचे दगड पाहायला पाच महिन्यांचे निवृत्तिवेतन खर्चले, आणि घरचे टेकाड पाहायचे राहून गेले होते.

नकाशाची वही काही परत मिळाली नाही. दादाने रद्दीवाल्याकडे दोन खेपा घातल्या. माल कधीच पुढे गेला होता. आबांनी किती गावे 'पाहिली' होती, ते आता कोणालाच कळणार नाही. त्या एका वाक्याची किंमत मी अजून मोजतो आहे. म्हणून परगावी निघणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे एवढेच: बॅगेचे वजन जरूर करा, पण जेथे जायचे तेथले एक पुस्तक तिच्यात असू द्या. आणि कपाटाविषयी कोणी विचारले तर उत्तर देण्याआधी एक रात्र जाऊ द्या.

या दिवाळीला आम्ही कळसाडीला जाणार आहोत. दादाने नव्या घराच्या ओसरीत कपाट उभे केले आहे. बॅगेत मी एक कोरी नकाशाची वही आणि एक पेन्सिल घेतली आहे. पहिली खूण कशावर करायची ते ठरले आहे: प्रकाशे. तिथे नदी आहे.