मॅनेज्ड स्विच: कोण कोणाला मॅनेज करतं?

सांगलीतल्या एका करसल्लागारांच्या ऑफिसात मी नेटवर्कचा स्विच बसवायला गेलो होतो. साहेबांनी टेबलाखालची जुन्या साध्या स्विचची डबी ओढून काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि म्हणाले, "अहो, ही दीड-दोन हजारांत येते. तुम्ही वीस-पंचवीस हजारांची सांगताय. म्हणजे ती सगळं आपलं आपण बघणार ना? नावातच मॅनेज्ड आहे."

घोटाळा सुरू होतो तो या नावापासूनच. मॅनेज्ड म्हणजे स्वतः सगळं सांभाळणारा नव्हे. ज्याला चार गोष्टी सांगता येतात, असा. डबीला काहीच सांगता येत नाही. याला सांगता येतं, पण सांगितलंच नाही तर हाही डबीसारखाच वागतो. खोक्यातून काढला, वायरी खोचल्या, हिरवे दिवे लुकलुकले की काम झालं असं समजून बिल करणारे पुष्कळ आहेत. कारखान्यातून येताना त्याचे सगळे पोर्ट एकाच गटात, व्हीलॅन १ मध्ये असतात. आत शिरायचा पासवर्ड माहितीपत्रकात नाहीतर मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. तो तसाच सोडला तर वीस हजार मोजून डबीच घेतली म्हणायची.

साहेबांचा दुसरा प्रश्न सगळेच विचारतात: "नेट फास्ट होईल?"

नाही. नेटची लाइन १०० एमबीपीएसची असेल तर कसलाही स्विच लावा, बाहेरून १०० च येणार. स्विचचा संबंध ऑफिसच्या आतल्या वाहतुकीशी: कॉम्प्युटर ते टॅलीचा सर्व्हर, कॅमेरा ते एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र), सगळे ते प्रिंटर. गंमत म्हणजे या ऑफिसात ज्याला "नेट स्लो" म्हणत होते ती टॅलीच होती, आणि टॅली नेटवर चालत नव्हतीच. ती शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर होती.

नवा स्विच लावून त्याच्या पानावर पोर्टांची यादी उघडली. सगळ्या कॉम्प्युटरांसमोर १०००, फक्त सर्व्हरसमोर १००. आठ जण ज्या एका दारातून ये-जा करतात तेच दार अरुंद! त्या वायरीचं टोक कापून बघितलं. कॅट-सिक्समध्ये चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदार. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही जोड्या लागतात. १०० ला दोनच पुरतात, नेहमीच्या क्रिम्पिंगमध्ये नारिंगी आणि हिरवी. इथे तपकिरी तार क्लिपच्या आत मोडली होती. त्यामुळे लिंक तुटली नाही, मुकाट्याने १०० वर उतरली आणि तशीच चालत राहिली. गिगाबिटवर २ जीबीचा बॅकअप साधारण वीस सेकंदांत जातो, १०० वर त्यालाच तीन मिनिटं लागतात. टोक नव्याने क्रिम्प केलं, यादीत १००० आलं, तेव्हा कुठे साहेबांच्या चेहऱ्यावर जरा वीस हजार वसूल झाल्यासारखं दिसलं. खरं तर ते काम पाच रुपयांच्या क्लिपचं होतं. स्विचने एवढंच केलं की दोष कुठे आहे ते दाखवलं, आणि डबीला नेमकं तेच जमत नाही.

वायरीवरून आठवलं. "कॅट-सिक्स सगळी सारखीच" हाही एक समज आहे. स्वस्तातल्या ३०५ मीटरच्या बॉक्समध्ये बऱ्याचदा तांबं नसतं. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरं दिसतं. ती लवकर मोडते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज पाठवली की जास्त तापते. स्विच कितीही भारी घ्या, भिंतीत असली वायर असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि स्विचपासून यंत्रापर्यंत १०० मीटरची मर्यादा आहे, तिथे घासाघीस चालत नाही.

"एकाऐवजी दोन वायरी टाका की, डबल स्पीड मिळेल." हे मला एका इंजिनिअरने सांगितलं होतं, म्हणून हसू नका. दोन स्विचमध्ये कुठलंही सेटिंग न करता दोन वायरी जोडल्या की स्पीड वाढत नाही, फेरा तयार होतो. स्विच 'सगळ्यांसाठी' असलेला निरोप आला त्या पोर्टाखेरीज बाकी प्रत्येक पोर्टातून पुढे पाठवतो. इथे तो एका वायरीने जातो, दुसरीने परत येतो, पुन्हा जातो. आयपीच्या पाकिटावर किती टप्पे उरले याचा आकडा असतो, तो संपला की पाकीट टाकून दिलं जातं. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडाच नसतो, त्यामुळे ती फिरतच राहते. काही सेकंदांत सगळे दिवे एका तालात लुकलुकायला लागतात आणि अख्खं ऑफिस ठप्प. याच ऑफिसात दिवाळीच्या वेळी साफसफाई करणाऱ्या काकांनी लोंबणारी वायर "नीट" करून भिंतीतल्या मोकळ्या सॉकेटात खोचली होती. दुसरं टोक डबीतच होतं. दीड दिवस नेटवाल्याला शिव्या पडल्या.

या दुखण्यावरचं औषध १९८५ चं आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्रीची पद्धत शोधली. स्विच एकमेकांशी बोलून फेरा ओळखतात आणि एक वाट बंद ठेवतात. चालू वाट तुटली तरच ती उघडते. मात्र पुष्कळ स्वस्त स्मार्ट स्विचवर ही सोय बंद अवस्थेत येते, एखाद्यावर नसतेच. घेण्याआधी बघावं, बसवल्यावर चालू करावी, आणि तिची जलद आवृत्ती असेल तर तीच निवडावी. जुन्या पद्धतीत पोर्ट उघडायला तीस सेकंद लागतात; तोवर कॉम्प्युटर पत्ता मागून मागून थकतो आणि सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर "नो इंटरनेट" दाखवतो. कॉम्प्युटरच्या पोर्टाला 'एज' म्हणून खूण केली की ही कटकट जाते. कुणी टेबलाखाली परत छोटी डबी लावली आणि तिच्यातच फेरा केला तर स्पॅनिंग ट्रीला तो दरवेळी कळेलच असं नाही. त्यासाठी लूपबॅक डिटेक्शन वेगळं चालू करावं लागतं. आणि दोन वायरी खरोखर एकत्र चालवायच्या असतील तर दोन्ही टोकांना तसं ॲग्रिगेशन लावावं लागतं. तरीही एक फाइल एकाच वायरीने जाते. फायदा होतो तो एका वेळी अनेकांची ये-जा असेल तेव्हा.

आता व्हीलॅन. गैरसमजांचं सगळ्यात दाट रान इथेच आहे.

साहेबांकडे आठ कॉम्प्युटर, सर्व्हर, प्रिंटर, सहा कॅमेरे, एनव्हीआर, दोन ॲक्सेस पॉइंट, हजेरीचं बोटाचं मशीन आणि राउटर, असे एकवीस पोर्ट लागत होते. बाहेर बाकावर बसलेल्या पक्षकारांनाही वाय-फायचा पासवर्ड दिला जायचा. एका मुलाने मोबाइलवर सहज बघितलं तर ऑफिसचे शेअर केलेले फोल्डर दिसले. लोकांची रिटर्न्स! म्हणून तीन गट ठरवले: १० ऑफिसचा, २० कॅमेऱ्यांचा, ३० पाहुण्यांचा. १ ते ४०९४ यांतला कुठलाही आकडा चालतो, पण सलग न देता दहाच्या पटीत दिले की आयपीशी जुळवता येतात: ऑफिसला १९२.१६८.१०, कॅमेऱ्यांना १९२.१६८.२०.

"व्हीलॅन केले की झालं सुरक्षित" हे अर्धंच खरं आहे. व्हीलॅन भिंती घालतो, पण भिंतीला दार ठेवायचं की नाही हे राउटर ठरवतो. नेट तिन्ही गटांना हवं, म्हणजे तिन्ही गट राउटरपर्यंत जाणारच. राउटरने तिथे एकाचं दुसऱ्याला बिनदिक्कत पोचवलं तर भिंती नावालाच. नियम राउटरवर लिहावे लागतात: ३० कडून १० कडे बंद, ३० कडून फक्त नेट. त्यात नेटवाल्याने फुकट दिलेल्या डब्याला बहुधा यातलं काहीच येत नाही. म्हणून स्विचच्या कोटेशनमध्ये राउटर नसेल तर आधी तेच विचारा. साहेबांना हे सांगितलं तेव्हा, "म्हणजे अजून पैसे," असं म्हणून ते बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.

टॅग आणि अनटॅगचंही तसंच. कॉम्प्युटर, कॅमेरा, प्रिंटर यांना व्हीलॅन ठाऊक नसतात, त्यांचे पोर्ट अनटॅग. राउटरच्या एका वायरीतून तिन्ही गट जातात, म्हणून त्याचा पोर्ट टॅग. ॲक्सेस पॉइंट दोन नावांचं वाय-फाय देतो, ऑफिसचं आणि पाहुण्यांचं, म्हणून त्याच्या पोर्टावर १० आणि ३० दोन्ही हवेत. टॅग म्हणजे फ्रेमच्या पोटात घातलेली चार बाइटांची चिठ्ठी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. शिवाय स्वस्त स्विचमध्ये पोर्टाची व्हीलॅन यादी एका पानावर आणि पीव्हीआयडी (बिनचिठ्ठीची फ्रेम कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायची तो आकडा) दुसऱ्या पानावर असतो. एक बदलला आणि दुसरा विसरला की कॅमेरा दिसतो पण बोलत नाही.

ज्या फांदीवर बसलो तीच तोडायचा मान याच पानावर मिळतो. लॅपटॉप ज्या पोर्टात आहे त्याचाच व्हीलॅन बदलून 'अप्लाय' दाबलं की स्विचचं पान गायब. माझं दोनदा झालंय. दोन्ही वेळा टाचणीने रीसेट दाबून पहिल्यापासून सुरुवात. तेव्हापासून शेवटचा पोर्ट मी हात न लावता ठेवतो आणि लॅपटॉप तिथेच लावतो.

आणखी एक, जे बाजारात कुणी सांगत नाही. कुणीतरी घरचा जुना राउटर आणून "वाय-फाय वाढवायला" भिंतीत लावतो. तो राउटरही लगेच पत्ते वाटायला लागतो. निम्म्या कॉम्प्युटरांना खरा पत्ता मिळतो, निम्म्यांना खोटा, आणि ज्यांना खोटा मिळतो त्यांचं नेट बंद. तेही दरवेळी वेगवेगळ्यांचं, त्यामुळे भूतबाधाच वाटते. मॅनेज्ड स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं आणि खऱ्या राउटरचा एकच पोर्ट 'ट्रस्टेड' केला की बाकी कुठल्याही पोर्टातून पत्ते वाटता येत नाहीत. माझ्या मते छोट्या ऑफिससाठी व्हीलॅनखालोखाल हीच सोय पैसे वसूल करते.

पीओई, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणाऱ्या, पोर्टाला लॅपटॉप लावला तर जळतो, या भीतीने एका ऑफिसात त्या पोर्टांवर लाल चिकटपट्टी लावलेली पाहिली आहे. प्रमाणित पीओई आधी चाचपून बघतो. समोर सुमारे २५ किलोओहमची ठरलेली खूण सापडली तरच वीज सोडतो. लॅपटॉपकडे ती खूण नाही, त्याला वीज जात नाही. भीती खरी आहे ती काही स्वस्त उपकरणांसोबत येणाऱ्या २४ व्होल्टच्या पॅसिव्ह इंजेक्टरची. तो न विचारता वीज सोडतो.

पीओईचा खरा घोळ हिशेबाचा असतो. २००३ च्या ८०२.३एएफ मध्ये पोर्टामागे १५.४ वॅट, २००९ च्या ८०२.३एटी मध्ये ३० वॅट. हे वाचून लोकांना वाटतं की आठ पोर्ट म्हणजे आठ गुणिले तीस. पण स्विचचं एकूण बजेट वेगळं छापलेलं असतं, आठ पोर्टांच्या स्वस्त स्विचला साठेक वॅट. एका मंगल कार्यालयात अशाच स्विचवर आठ कॅमेरे दिवसा पाच-पाच वॅटवर छान चालायचे. अंधार पडला की प्रत्येकाचे इन्फ्रारेड दिवे लागायचे, खप नऊच्या घरात जायचा, बेरीज बहात्तर! मग शेवटच्या पोर्टांवरचे कॅमेरे बंद, ऐन वरातीच्या वेळी. तीन कॅमेरे बदलून झाले होते. आठवा पोर्ट काढला, सातवा काढला, बाकी सगळे रात्रभर नीट चालले, तेव्हा हिशेब पटला.

कंपाउंडच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याला तांब्याची वायर लांबवर नेली असेल तर एप्रिल-मे मधल्या वळवाची वीज कुठलाही स्विच जाळू शकते, मॅनेज्डसुद्धा. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर लावा, नाहीतर तेवढा तुकडा फायबरने न्या.

सांगलीचं काम संध्याकाळी सातला संपलं. व्हीलॅन, स्नूपिंग, नवा पासवर्ड, सगळं चालू. मी चहाला खाली उतरलो तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस जुनाच होता, त्याने दोन मिनिटांत मान टाकली. लाईट आली तेव्हा स्विचही नव्यासारखा होऊन आला, सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये. पुष्कळ स्विचवर 'अप्लाय' म्हणजे 'सेव्ह' नसतं. केलेला बदल चालू स्मृतीत राहतो, आणि वरच्या कोपऱ्यातलं सेव्ह वेगळं दाबावं लागतं. हे मला माहीत होतं. तरीही.

पुन्हा केलं, पावणेनऊ वाजले. या वेळी आधी सेव्ह, मग कॉन्फिगची फाइल साहेबांच्या पेनड्राइव्हवर, मग रॅकच्या दाराच्या आत कागद चिकटवला: स्विचचा आयपी, कुठल्या पोर्टात काय, कुठला व्हीलॅन. पोर्ट २२ ते २४ मोकळे, २४ ला हात लावू नये. साहेबांनी चष्मा लावून कागद वाचला आणि पेन मागून खाली एक ओळ स्वतः लिहिली: "साफसफाईच्या वेळी वायर सुटली तर परत खोचू नये, मला सांगावे."