विश्लेषण : समकालीनाचे यश लेखकाला का खुपते? मत्सरावर उपाय काय?

पुरस्कार जाहीर होतो, समाजमाध्यमांवर अभिनंदनाचा वर्षाव होतो आणि काही लेखकांच्या मनात प्रश्न उमटतो, ‘माझे पुस्तक का नाही?’ साहित्यवर्तुळात उघडपणे क्वचितच बोलल्या जाणाऱ्या या भावनेविषयी...

मत्सर जवळच्याचाच का?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. माणूस स्वतःला जोखताना आपल्यासारख्याच माणसाकडे पाहतो, असे तो सांगतो. म्हणूनच नवोदित कथाकाराला परदेशी नोबेलविजेत्याचे काही वाटत नाही. पण त्याच्याबरोबरच दिवाळी अंकात लिहू लागलेल्या मित्राचे यश बोचते.

मानाच्या जागा किती?

मोजक्याच. साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार एका भाषेत वर्षाला एकाच पुस्तकाला मिळतो. मराठीत २०२४ पर्यंत ज्ञानपीठ मिळाले ते वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे या चौघांनाच. यांपैकी विंदा आणि नेमाडे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कधीच झाले नाहीत. म्हणजे एखादे पद मिळाले नाही, यावरून लेखनाची प्रत ठरत नाही.

नुकसान कोणाचे?

मत्सर करणाऱ्याचे तर होतेच. त्याचे लक्ष स्वतःच्या कागदावरून उडते. पण तो परीक्षक किंवा समीक्षक असेल तर वाचकाचेही होते. चांगले पुस्तक अनुल्लेखाने मारले, की ते वाचकापर्यंत पोहोचतच नाही.

उपाय काय?

मराठीत ‘ईर्षेने अभ्यास केला’ असे कौतुकाने म्हटले जाते, ‘मत्सराने’ असे कोणी म्हणत नाही. ईर्षेला त्याच्याइतके गाठायचे असते, मत्सराला त्याला खाली खेचायचे असते. तेव्हा नेमके काय खुपते, ते आधी स्वतःशी लिहून काढावे : पैसा, प्रसिद्धी की त्याची भाषा? भाषा खुपत असेल तर ते पुस्तक पेन्सिल घेऊन वाचावे. ते शिकता येते. पैसा खुपत असेल तर पुढचा करार करताना मानधन आणि स्वामित्वधनाबाबत स्पष्ट बोलावे. प्रसिद्धी आपल्या हाती नसते. निकालाच्या दिवशी समाजमाध्यमांपासून दूर राहणे मात्र हाती असते. मन कलुषित असताना त्या पुस्तकाचे परीक्षण स्वीकारू नये. अभिनंदनाच्या दोन ओळी जरूर पाठवाव्यात आणि आपल्या अपुऱ्या हस्तलिखिताकडे वळावे.