गच्चीवरचे हवाई युद्ध

संक्रांतीच्या दिवशी गिरगावातील चाळींच्या गच्च्या किंवा लालबाग-परळचे पत्रे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हवाई युद्धाची मूलतत्त्वे वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. वाऱ्याचा कल ओळखणे, उंची आपल्या हाती ठेवणे, सूर्य डोळ्यांवर येऊ न देणे आणि प्रतिस्पर्धी दुसऱ्याशी गुंतलेला असताना त्याला गाठणे, एवढे भांडवल तिथल्या दहा वर्षांच्या मुलाकडेही असते. जर्मन वैमानिक ओस्वाल्ड बोल्के याने १९१६ मध्ये लढाऊ वैमानिकांसाठी जे नियम लिहून काढले, त्यांतही सूर्य पाठीशी ठेवावा आणि हल्ला शक्यतो मागून करावा, असेच सांगितले होते.

काटाकाटीच्या पतंगाला शेपूट नसते आणि त्याचे सारे मर्म त्यातच आहे. शेपटीचा पतंग स्थिर राहतो. बिनशेपटीचा पतंग मुळातच अस्थिर असतो. दोरी ताणली की त्याची आडवी कमान मागे वाकते आणि पतंग नाकाच्या रोखाने सरळ सुटतो. दोरी सैल सोडली की कमान सपाट होते आणि तो जागच्या जागी गिरक्या घेऊ लागतो. हव्या त्या दिशेला नाक वळले की पुन्हा ताण द्यायचा. सुकाणू नाही, दुसरी दोरी नाही. एका बोटावरून धावणाऱ्या दोरीत डावे, उजवे, चढ, उतार सारे येते. मुंबईत जानेवारीच्या सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो व दुपारनंतर उलटतो. त्यामुळे सकाळी चौपाटीकडे झुकणारे गिरगावातले पतंग दुपारी भुलेश्वरच्या अंगाला वळतात आणि सकाळचा विजयी वीर दुपारी हमखास अडचणीत येतो.

पेच लागल्यावर कोण कापला जाणार, हेही नशिबावर नसते. ज्याचा मांजा वेगाने धावतो, त्याचा प्रत्येक क्षणी नवा धारदार भाग घासला जातो. ज्याचा थांबून राहतो, त्याच्या एकाच जागी सारे घर्षण एकवटते आणि तिथेच तो तुटतो. म्हणून एकतर भराभर ढील द्यायची किंवा झपाट्याने खेचायचे. मधल्या मार्गाने जाणारा मरतो. यासाठी ट्यूबलाइटची काच कुटून, वस्त्रगाळ करून, भाताच्या खळीत कालवून सुती दोऱ्याला लावण्याचा उद्योग गिरणगावातल्या कित्येक पिढ्यांनी विजेच्या खांबांना दोरे गुंडाळून केला.

खऱ्या वैमानिकांपुढचा प्रश्न याच्या नेमका उलट होता. लढाईचा सराव तर हवा, पण शस्त्र बोथट असले पाहिजे. अन्यथा शिकणारा शिकण्याआधीच संपेल. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी त्यावर एक नामी तोड काढली. लुईस मशीनगनसारखा दिसणारा हाइथ कॅमेरा त्यांनी विमानावर बसवला. चाप ओढला की गोळी न सुटता छायाचित्र निघे. उतरल्यावर ते धुऊन पाहायचे, की नेम लागला असता की नाही याचा निकाल लागे. वादाला जागाच नाही. गच्चीवरच्या पेचांना अशी सोय असती तर चाळीचाळींतली अर्धी भांडणे मिटली असती.

पुढे अमेरिकेत एडविन लिंक याने १९२९ मध्ये जमिनीवरचे विमान तयार केले. त्याच्या वडिलांचा कारखाना ऑर्गन व स्वयंचलित पियानो बनवीत असे. पेटीचा भाता ज्याने हलवला आहे, त्याला या यंत्राचे रहस्य लगेच कळेल: हवेने फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या भात्यांवर बसवलेली एक बुटकी कोठडी वैमानिकाच्या हाताबरोबर डुलत असे. सुरुवातीला ती मुख्यतः करमणुकीच्या जत्रांतच खपली. १९३४ मध्ये हवाई टपाल वाहताना खराब हवामानात लष्करी वैमानिकांचे बळी गेले, तेव्हा कुठे सैन्याने सहा यंत्रे विकत घेतली. लिंकची कोठडी लढाई शिकवीत नव्हती, उपकरणांवर विसंबून उडायला शिकवीत होती. पण खेळणे आणि प्रशिक्षण यांच्यातली भिंत किती पातळ आहे, हे तिने दाखवले.

मुंबईकरांना सर्वांत जवळचे वाटावे असे साधन मात्र दुसऱ्या महायुद्धातले आहे, आणि तो चक्क पतंगच होता. स्मिथसोनियन संस्थेचे पॉल गार्बर तेव्हा अमेरिकी नौदलात अधिकारी होते. तोफचींना हलत्या विमानावर नेम धरण्याचा सराव हवा होता. गार्बर यांनी पतंगाला खाली सुकाणू लावले, ते दोन दोऱ्यांनी फिरवले आणि कापडावर जपानी झिरो विमानाची आकृती रंगवली. हा पतंग सूर मारी, कोलांट्या घेई, इंग्रजी आठचा आकडा काढी. लढाऊ विमानाची नक्कल करायला लागले ते काड्या, कापड आणि दोरी. खऱ्या विमानाऐवजी कापडावर गोळ्या झाडण्याची ही युक्ती आजही टिकून आहे. भारतीय बनावटीचे 'लक्ष्य' हे वैमानिकरहित विमान आपल्यामागे दीड किलोमीटर लांब तारेवर नेमाचे साधन ओढत नेते.

व्हिएतनाम युद्धानंतर, १९७० च्या दशकात, चकमकींच्या सरावातून गोळी पुरती नाहीशी झाली. विमानाला जोडलेले उपकरण त्याची जागा, वेग आणि उंची जमिनीवर कळवते. क्षेपणास्त्र 'सुटते' ते संगणकाच्या गणितात आणि 'पडलेला' वैमानिक संध्याकाळी भोजनगृहात हजर असतो. घरगुती संगणकावरचे खेळ त्याचेच धाकटे भाऊ. दोरीवर फिरणाऱ्या छोट्या इंजिनाच्या विमानांची जी आंतरराष्ट्रीय लढत होते, तीत तर पतंगबाजी जशीच्या तशी उतरली आहे. प्रत्येक विमानामागे क्रेप कागदाची लांब पट्टी फडफडत असते. प्रतिस्पर्ध्याची पट्टी कापली की १०० गुण. विमानाला धक्का लावण्यात लाभ नाही.

फिल्म, गणित, कागदाची पट्टी. सरावाची साधने अशी एकेक पायरी सौम्य होत गेली असताना गच्चीवरचे शस्त्र उलट दिशेने निघाले. सुती मांजा निदान तुटत असे आणि पहिल्या पावसात कुजत असे. नायलॉनचा मांजा तुटत नाही, कुजतही नाही. अडकलेला पक्षी जितका धडपडेल तितका तो आवळत जातो. पहाटे आणि तिन्हीसांजेला थव्याने उडणाऱ्या पक्ष्यांना तो दिसतही नाही. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, म्हणजे जुन्या मुंबईकरांचे बैलघोडा हॉस्पिटल, संक्रांतीच्या सुमारास पंख चिरलेल्या कबुतरांनी आणि घारींनी भरते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारा दुचाकीस्वार सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे सरकतो. आडवा आलेला दोरा दिसून ब्रेक दाबण्याइतका अवधी त्याला मिळत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वाकोल्याजवळ द्रुतगती मार्गावर दुचाकीवरून घरी परतणाऱ्या एका पोलिसाचा गळा चिरून मृत्यू झाला, तो असाच.

राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. नायलॉनवरची बंदी बहुतेकांना ठाऊक आहे. साध्या दोऱ्यानेही पेच लागतो, तो कापला जातो घर्षणाने, आणि त्यात वेळ व हातोटी दोन्ही अधिक लागतात. नायलॉनचा तुटलेला तुकडा मात्र संक्रांत सरल्यावरही पिंपळाच्या आणि गुलमोहराच्या फांद्यांत लोंबत राहतो, आणि त्यात अडकलेली घार सोडवण्यासाठी अग्निशमन दलाची शिडी भर उन्हाळ्यातही लावावी लागते.